पहिलं सीझर, बाळ १३ महिन्यांचं आणि परत दिवस राहिलेत... कितपत धोका असतो?

जाईचीवेल:
नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझं पहिलं बाळंतपण सीझरचं, लेक आता १३ महिन्यांचा आहे, अजून धड चालतही नाही. पाळी चुकली तेव्हा वाटलं अंगावर पाजतेय म्हणून असेल पण टेस्ट केली तर दोन रेघा. हिशोबाने सहावा आठवडा चालू आहे. आनंद आहेच, पण खरं सांगू का, आनंदाच्या आधी पोटात गोळा आला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या होत्या दोन वर्षं तरी जाऊ द्या आणि इथे जेमतेम वर्ष झालंय (ठरवून नाही, झालं).

आता घरात रोज नवीन काहीतरी ऐकतेय. मोठ्या जाऊबाई म्हणतात आतले टाके कच्चे असतात, पोट वाढलं की उसवतात. नणंद म्हणते काही होत नाही गं पण नॉर्मलचा विचारसुद्धा मनात आणू नको. पोटावरचा टाका आडवा आहे, खाली, छान भरलाय, पण लेकाला उचललं की डाव्या बाजूला ओढ बसते आणि मग दिवसभर तेच डोक्यात.

तर एक म्हंजे एवढ्या कमी गॅपने खरंच किती रिस्क असते, जमलं तर आकड्यात सांगा कारण "काळजी घे" ऐकून ऐकून कान किटलेत. दुसरं, नॉर्मल होऊ शकते का का तो विषयच सोडून द्यायचा. तिसरं, लेकाला उचलायचं की नाही, तो दिवसभर कडेवरच असतो. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे पण तोवर झोप नाही.

सरळमार्गी:
आधी अभिनंदन वहिनी. आमच्या घरी दोन्ही वेळा सीझर. दुसऱ्या वेळी ३९ वा आठवडा लागल्यावर तारीख घेतली, सकाळी गेलो, तासाभरात मुलगी हातात. धावपळ नाही, रात्री अपरात्री कळा नाहीत. उगाच नॉर्मलच्या नादी लागू नका असं माझं मत. एकदा सीझर की पुढे सीझरच, आम्हाला पहिल्याच वेळी सांगितलं होतं.

निळीशाई:
@सरळमार्गी तुमच्या बायकोचं छान झालं त्याबद्दल आनंदच आहे, पण ते "एकदा सीझर की कायम सीझर" हे वाक्य १९१६ सालचं आहे हो. एडविन क्रेगिन नावाच्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचं. तेव्हा पिशवी वरच्या जाड भागात उभी कापायचे, तो टाका पुढच्या कळांना टिकेल याचा भरवसा नसायचा म्हणून ते तसं म्हणाले, आणि त्यांचा रोख पहिलं सीझर विचार करून करा यावर होता. नंतर खालच्या पातळ भागात आडवा छेद घ्यायची पद्धत आली आणि सगळं गणितच बदललं, वाक्य मात्र शंभर वर्षं तसंच फिरतंय.

जाई, माझं पहिलं सीझर बाळ पायाळू होतं म्हणून. दुसरीच्या वेळी नॉर्मल झाली, गॅप साडेतीन वर्षांचा होता हे मात्र आधीच सांगते, तुझ्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी सुरुवातीलाच विचारलं की पहिलं सीझर का झालं होतं, कारण पायाळू किंवा वार (प्लॅसेंटा) खाली असं कारण असेल तर ते परत येईलच असं नाही, पण बाळ खाली सरकलंच नाही, अडकलं, अशामुळे झालं असेल तर यशाची शक्यता थोडी कमी. एका सीझरनंतर नॉर्मलसाठी प्रयत्न करणाऱ्यांपैकी साधारण चारात तिघींची होते. आधी एखादी नॉर्मल झाली असेल तर त्याहून जास्त, ८५ ते ९० टक्के.

पण चारात एकीची होत नाही हे पण लक्षात ठेव हं, कारण मी पाहिलंय लोक हा भाग गाळून सांगतात. आणि कळा देऊन देऊन मग ऐनवेळी सीझर झालं तर ते आधी ठरवून केलेल्या सीझरपेक्षा जास्त त्रासाचं, इन्फेक्शन, रक्त जाणं सगळंच जास्त. माझ्या ११ तासांच्या कळांमध्ये पोटावर तो सीटीजीचा, म्हणजे बाळाचे ठोके मोजणारा, पट्टा सतत बांधलेला, कूस बदलली की सरकायचा, नर्स परत येऊन बसवायची, मी वैतागले होते. पण त्याच अटीवर त्यांनी हो म्हटलं होतं.

रात्रपाळी:
मी लेबर रूममध्ये नर्स आहे, बरीच वर्षं झाली, वयाने मोठी असेन म्हणून तू म्हणतेय. डॉक्टर नाही, त्यामुळे तुझ्या केसचा निर्णय तुझ्या डॉक्टरच देतील पण आकडे विचारलेस म्हणून लिहिते.

सगळ्यात आधी, पोटावरचा टाका आडवा आहे म्हणून निश्चिंत होऊ नको आणि उभा असेल तर घाबरूही नको असं मी प्रत्येकीला सांगते. कातडीवरचा छेद आणि पिशवीवरचा छेद या दोन वेगळ्या गोष्टी. वरून आडवा दिसतो आणि आत पिशवी उभी कापलेली असू शकते, उदाहरणार्थ बाळ फार कमी दिवसांचं असेल आणि पिशवीचा खालचा भाग तयारच झाला नसेल तेव्हा. आतला छेद खाली आडवा असेल तर पुढच्या वेळी कळा येऊ दिल्या तरी टाका उघडायचा धोका साधारण २०० त एक, म्हणजे अर्धा टक्का, फार तर एकच्या थोडं खाली. आत वरच्या भागात उभा छेद असेल तर तो कितीतरी पट जास्त, तिथे कळांची वाट बघतच नाहीत, ३६-३७ व्या आठवड्यात ठरवून सीझर करतात. म्हणून पहिलं काम, मागचं डिस्चार्ज कार्ड शोध आणि जमलं तर ऑपरेशनच्या नोट्सची झेरॉक्स मागून घे. कार्डावर नुसतं एलएससीएस लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ खालच्या भागातला छेद, पण आत छेद वाढला का, चीर खाली गेली का, हे नोट्समध्येच सापडतं.

आता जाऊबाईंचं. पोट वाढलं म्हणून टाका उसवत नाही गं. खालच्या आडव्या छेदाचा टाका उघडला तर तो बहुतेक कळा चालू असताना उघडतो, नवव्या महिन्यात घरी बसल्या बसल्या नाही. कळा सुरू व्हायच्या आत ठरवून सीझर केलं तर हा धोका १०,००० त दोन-तीन इतका खाली येतो. म्हणून सरळमार्गींचं म्हणणं अगदीच चूक नाही, त्यांनी फक्त एकच रस्ता सांगितला.

गॅपचं. इथे लोक दोन वेगळे गॅप एकमेकांत मिसळतात आणि मग घाबरतात. डब्ल्यूएचओ जे २४ महिने म्हणतं ते बाळ झाल्यापासून पुढचा प्रयत्न सुरू करेपर्यंतचे, आणि ते सगळ्याच बायकांसाठी आहे, त्यात आईच्या अंगातलं रक्त, लोह, बाळ लवकर होणं असं सगळं येतं. टाक्याच्या बाबतीत जे १८ महिने म्हणतात ते एका डिलिव्हरीपासून दुसऱ्या डिलिव्हरीपर्यंतचे. त्याच्या आत कळा आल्या तर टाका उघडायची शक्यता दुप्पट-तिप्पट धरतात. तुझा लेक १३ महिन्यांचा, सहावा आठवडा, म्हंजे अजून ३४ आठवडे, हे बाळ येईल तेव्हा मोठा २१ महिन्यांच्या आसपास असेल. १८ च्या बाहेर आहेस. काही डॉक्टर २४ चीच रेघ धरतात त्यामुळे तुझ्या डॉक्टरांनी नॉर्मलला नको म्हटलं तर त्या उगाच म्हणत नाहीत हेही समजून घे. पण "उसवलंच" अशी परिस्थिती नाही.

दुसरं काम आत्ता लगेचचं, आणि मला हे नॉर्मल-सीझरपेक्षा महत्त्वाचं वाटतं. सहा-सात आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नको आणि करणाऱ्याला आधीच सांग की मागचं सीझर आहे, गर्भ नेमका कुठे बसलाय ते बघा. क्वचित, दोनेक हजारात एखादीला, गर्भ जुन्या टाक्याच्या खाचेतच रुजतो. लवकर कळलं तर सोपं जातं, उशिरा कळलं तर रक्तस्राव जिवावर बेततो. मधल्या दिवसांत अंगावरून जायला लागलं, ओटीपोटात जोरात दुखलं, चक्कर आली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता निघ.

लेकाला उचल की. वर्ष उलटून गेलंय, टाका भरलाय, उचलल्याने पिशवी फाटत नाही. ती ओढ बहुतेक आतली चिकटलेली जागा ताणल्याची असते, डॉक्टरांना दाखवून घे, पण त्यावरून पिशवीचा टाका कच्चा का पक्का हे कळत नाही. पाठ सांभाळ, वाकून नको, बसून उचल. आणि एचबी (हिमोग्लोबिन) करून घे, ११ च्या खाली असेल तर गोळ्या आत्तापासून. गॅप कमी असला की नेमकं हेच राहून जातं, सगळे टाक्याकडे बघत बसतात.

पारिजातक_७:
इथे लिहू की नको असा विचार करत होते. घाबरवायचं नाहीये पण रात्रपाळी ताईंनी "नॉर्मल-सीझरपेक्षा महत्त्वाचं" म्हटलं ते वाचून राहवलं नाही.

माझी आधीची दोन सीझर. तिसऱ्या वेळी २० व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार खाली आहे, पुढच्या बाजूला आहे असं लिहून आलं. तिथे मला सांगितलं की वार वर सरकते, बहुतेकींची सरकते, काळजी नको. आणि ते खरंच आहे, बहुतेकींची सरकतेच. पण माझी दोन सीझर झालीत आणि वार बरोबर त्या टाक्यांवर बसलीये हे कुणी एकत्र करून बघितलंच नाही. रिपोर्टवर मागच्या बाळंतपणाचा रकाना रिकामा होता, मी पण भरला नाही, मला कुठे माहीत होतं त्याने काही फरक पडतो ते.

३१ व्या आठवड्यात सकाळी उठले तर चादर लाल. दुखत नव्हतं अजिबात, म्हणून आधी कळलंच नाही काय झालंय. मोठ्या हॉस्पिटलला नेलं, तिथे परत सोनोग्राफी, मग एमआरआय, आणि कळलं की वार पिशवीच्या भिंतीत रुतलीये, मूत्राशयापर्यंत. नेहमी बाळ झाल्यावर वार आपोआप सुटते, रुतलेली असली की सुटत नाही आणि ओढून काढायला गेलं तर रक्त थांबत नाही. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. वार तोंडावर आलेली असेल आणि मागचं एक सीझर असेल तर रुतण्याची शक्यता शंभरात ११ च्या आसपास, मागची दोन असतील तर ४०. मी त्या ४० मधली.

३५ व्या आठवड्यात ठरवून ऑपरेशन झालं. बाळ वरच्या बाजूने काढलं, वारेला हातही लावला नाही, पिशवीसकट काढली. रक्ताच्या बाटल्या आधीच आणून ठेवलेल्या, भूलतज्ज्ञ दोन, मूत्राशयाचे सर्जन बाहेर तयार. मुलगा आज दुसरीत आहे. मी पण आहे. पिशवी गेली त्याचं दुःख झालं का तर झालं, अजूनही कधीतरी होतं, पण तेव्हा ३१ व्या आठवड्यात कळलं नसतं आणि नेहमीच्या सीझरला म्हणून टेबलावर घेतलं असतं तर काय, हा विचार मी करत नाही.

जाई तुझं एकच सीझर आहे, वार कुठे बसेल अजून ठरायचंय. फक्त २० व्या आठवड्याला रिपोर्ट हातात आला की वाच, वार पुढे का मागे, तोंडापासून किती लांब. आणि तो रकाना भर.

सरळमार्गी:
ताई वाचून सुन्न झालो. आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही तिसऱ्याचा विचार करतोय...

रात्रपाळी:
@पारिजातक लिहिलंत ते फार बरं केलंत.
@सरळमार्गी तुमच्याचसाठी हे जास्त महत्त्वाचं. दुसरं सीझर ठरवताना किती मुलं हवीत हा प्रश्न कुणी विचारत नाही, खरं तर तोच आधी विचारायला हवा. दोनच मुलांवर थांबायचं असेल तर ठरवून दुसरं सीझर हा अगदी चांगला पर्याय आहे. पण प्रत्येक पुढच्या सीझरला आत चिकटलेलं जास्त, मूत्राशयाला इजा होण्याची शक्यता जास्त, आणि वारेचं वर ताईंनी सांगितलंच. तिसरं नकोच असं म्हणत नाही, वार कुठे आहे ते नीट बघून घ्या एवढंच.

आठवामहिना:
मध्येच घुसतेय सॉरी. माझ्या ३४ आठवड्यांच्या रिपोर्टवर "टाक्याची जाडी २.४ मिमी" असं आलंय आणि मैत्रिणीची ३.१ होती, ती म्हणते तुझी पातळ आहे, ताबडतोब ॲडमिट हो. मी दोन दिवस पाठीवर झोपूनच आहे, हलायची भीती वाटते. काय करू?

रात्रपाळी:
आधी उठ, आणि पाठीवर तर अजिबात नको झोपूस, डाव्या कुशीवर हो. ही मिलिमीटरची भानगड फार जणींची झोप उडवते. २ धरायचे का २.५ का ३ यावर जगभरात एकमत नाही, मोजणारा बदलला, मूत्राशय किती भरलंय ते बदललं, वरून मोजलं का आतून, की आकडा बदलतो. पातळ असेल तर धोका थोडा जास्त असतो हे खरं, म्हणून डॉक्टर तो आकडा बाकीच्या गोष्टींबरोबर धरतात, पण फक्त तेवढ्या एका आकड्यावर कुणी धावत ॲडमिट करत नाही. दुखत नाहीये, अंगावरून जात नाहीये, बाळ फिरतंय, तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि नॉर्मलचा विचार असेल तर याचा काय परिणाम ते विचार. मैत्रिणीला म्हणावं तुझे ३.१ तुझ्यापाशी ठेव.

निळीशाई:
हाहा, शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवण्यासारखं.
रात्रपाळी ताई, एक विचारायचं होतं, कळा आपोआप आल्या नाहीत तर? माझ्या ४० आठवडे ४ दिवसांनी आल्या, तोवर डॉक्टर थांबल्या, पण आणून द्यायच्या असत्या तर?

रात्रपाळी:
तिथे धोका वाढतो. कळांच्या सलाईनने सुरू केल्या तर आपोआप येणाऱ्यांपेक्षा टाका उघडायची शक्यता साधारण दुप्पट, शंभरात एकच्या जरा वर. मिसोप्रोस्टॉलची गोळी तर मागचं सीझर असताना दिवस भरल्यावर कळांसाठी वापरतच नाहीत. काही ठिकाणी पिशवीच्या तोंडात फुगा ठेवून तोंड मऊ करतात, तो त्यातल्या त्यात सौम्य. म्हणून बहुतेक डॉक्टर आधीच एक तारीख बोलून ठेवतात, तोवर आल्या तर ठीक, नाहीतर सीझर.

आणि कळांमध्ये काय बघायचं ते सांगून ठेवते, कारण लोकांना वाटतं टाका उघडला की फाडकन दुखेल आणि कळेल. तसं नेहमी होत नाही. पुष्कळदा पहिली खूण म्हणजे बाळाचे ठोके पडायला लागतात, आईला काही कळायच्या आत, म्हणून तो वैतागवाणा पट्टा. बाकी दोन कळांच्या मध्येही दुखणं न थांबणं, जुन्या टाक्यावर हात लावू न देणं, लाल रक्त, खाली आलेलं डोकं परत वर गेल्यासारखं वाटणं, कधी खांद्यात कळ. आमच्याकडे असं झालं की बोलत बसत नाहीत, ट्रॉली थेट ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये). त्यामुळे नॉर्मलचा प्रयत्न करायचाच असेल तर चोवीस तास ओटी, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त तिथेच असेल अशाच ठिकाणी. कितीही मायेचे डॉक्टर असले आणि ओटीवाले घरून बोलवावे लागत असतील तर तिथे नको.

जाईचीवेल:
सगळ्यांचे किती आभार मानू. आज जाऊन आले. सोनोग्राफीत गर्भ पिशवीत वरच्या बाजूला आहे, टाक्यापासून लांब, ठोके दिसले. मी टेबलावरच रडले.

दुसरं म्हंजे डिस्चार्ज कार्ड कपाटात सापडलं, आणि मला वर्षभर जे वाटत होतं ते चूकच निघालं. मी सगळ्यांना सांगत होते की पिशवीचं तोंड उघडलंच नाही म्हणून सीझर. कार्डावर लिहिलंय की तोंड पूर्ण उघडलं होतं, डोकं वाकडं अडकलं होतं, आणि खाली एक ओळ आहे, छेद डाव्या कोपऱ्यात खाली वाढला, शिवला. त्या रात्री मला कुणी काही सांगितलं असेलही पण मला आठवत नाही. ही वाढलेली चीर म्हंजे काय, वाईट आहे का?

रात्रपाळी:
गर्भ वर आहे, झालं, आज झोप नीट.
वाढलेल्या चिरेचं, ती आडवी किंवा खाली गेली असेल आणि नीट शिवली असेल तर तेवढ्यावरून नॉर्मल बाद होत नाही, वर गेली असेल तर बाद धरतात. तुझ्या कार्डात "खाली" आहे, पण किती खाली, पिशवीच्या तोंडापर्यंत गेली का ते ओटी नोट्समध्ये बघावं लागेल. आणि अजून एक, ही गोष्ट डॉक्टरांना मुद्दाम सांग. तोंड पूर्ण उघडल्यावर झालेल्या सीझरनंतर पुढचं बाळ वेळेआधी येण्याची शक्यता थोडी वाढते, कारण छेद तोंडाच्या जवळ पडतो. म्हणून काही डॉक्टर १८ ते २२ आठवड्यांत आतून सोनोग्राफी करून तोंडाची लांबी मोजतात. विचार त्यांना करणार का म्हणून, आणि वारेबद्दल त्याच वेळी.

डोकं वाकडं होतं हे कारण परत येईलच असं नाही हं. तोंड पूर्ण उघडलं होतं ही उलट तुझ्या बाजूची गोष्ट.

पारिजातक_७:
खूप बरं वाटलं वाचून. रकाना भरलास ना?

जाईचीवेल:
भरला ताई, पेन मागून घेतलं आणि चीर वाढल्याचं पण लिहिलं, तिथल्या मुलीने दोनदा वाचलं. ओटी नोट्ससाठी अर्ज दिलाय, मंगळवारी या म्हणालेत. नॉर्मल का सीझर ते डॉक्टर म्हणाल्या ३६ व्या आठवड्यात बोलू, आत्ता वार आणि एचबी. एचबी १०.२ आलंय, गोळ्या सुरू. जाऊबाईंना रिपोर्ट दाखवला तर म्हणतात बघ मी म्हटलं होतं ना काही होत नाही 😄 लेक उठला, कडेवर घेऊनच टाईप करतेय.